कळलावीचं बी दोन महिने झाले तरी उगवत नाही

बांधावरचा, पारोळा:
शेताच्या बांधावरून नोव्हेंबरात कळलावीच्या वेलीचं बी आणलं आणि लाल सालीसकट डिसेंबरात कुंडीत पेरलं. माती शेतातलीच, काळी. फेब्रुवारी उजाडला, एक कोंब नाही. बी खोटं निघालं की माझं चुकलं? उगवलंच तर फूल कधी?

सातपुडा रोपं:
दादा, बी खोटं नाही, घाई झाली. ताजं बी सुप्त असतं, सहा ते नऊ महिने कोरडं राहिल्याशिवाय नीट उगवत नाही. कुंडी उकरा. बोटाखाली पिचकेल ते गेलं, टणक असेल ते ठेवा. लाल गर चोळून धुऊन टाका, त्यावरच बुरशी धरते. सावलीत वाळवून मे अखेरपर्यंत कागदी पाकिटात ठेवा.

मग पॉलिश पेपरवर हलकं घासायचं, वरची चकाकी जाईपर्यंतच, आणि 24 तास कोमट पाण्यात भिजवायचं. जूनच्या सुरुवातीला 1 सेंमी खोल पेरा. दोन भाग जाड वाळू, एक भाग पोयटा, एक भाग कुजलेला पाला. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, कोवळा कंद त्यात सडतो. सगळं बी एकदम उगवत नाही: पहिला कोंब तीन आठवड्यांत दिसला तरी शेवटचा तीन महिन्यांनी येऊ शकतो.

वाघूरकाठ:
फूल तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. पहिल्या वर्षी एक-दोन पानं आणि खाली वाटाण्याएवढा कंद, बस. ऑक्टोबरनंतर पानं पिवळी पडतात आणि रोप मेलं समजून लोक कुंडी रिकामी करतात. बहुतेकांची कळलावी इथेच जाते! पाणी बंद करा, कुंडीवर नाव नि वर्ष लिहा, सावलीत सरकवा. आपल्याकडे मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, उन्हातल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत कंद अक्षरशः उकडतो.

कुंडी बदलताना फार जपा. कंद नांगरासारखा वाकलेला असतो, संस्कृतातलं ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच. डोळा फक्त टोकाला. टोक मोडलं की तो कंद फुटत नाही. आडवा ठेवून वर 5-7 सेंमी माती. वेल पानांच्या टोकांनी धरते, जाड बांबू तिला धरता येत नाही, पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) रोवा.

तापीकाठची:
पॉलिश पेपर ओला करून घासा, हातमोजे घाला. सगळी वेल विषारी आहे, त्यात कंद आणि बी सर्वांत जास्त, कोल्चिसिन नावाचं विष असतं. घासलेली भुकटी नाकातोंडात जायला नको. मुलं आणि गुरं पोचतील तिथे कुंडी नको.

पावसाळ्यात काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी येते आणि वेलीचे नुसते देठ ठेवते. सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. आणि कंदासाठी यावल किंवा पाटणादेवीच्या जंगलात जाऊ नका, ती अभयारण्यं आहेत. बांधावरचीही निम्मी बोंडं वेलीवरच राहू द्या.

बांधावरचा, पारोळा:
उकरलं. 22 पैकी 15 बिया टणक निघाल्या. त्यातल्या दोघींना पांढरं टोक आलंय, त्याही वाळवू?

सातपुडा रोपं:
नाही! मूळ सुटलंय, वाळवल्या तर मरतील. आजच वाळूच्या मिश्रणात 1 सेंमी खोल ठेवा, टोक खाली. दुपारचं ऊन लागू देऊ नका, वरची माती सुकली की झारीने पाणी. बाकीच्या 13 पाकिटात.