प्रति: मनगटाचा पट्टा दिवसभर बांधूनही मुंग्या का जात नाहीत?
अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या आणि करंगळी मात्र शाबूत, असं असेल तर बहुधा कार्पल टनेल, म्हणजे मनगटातली नस (नर्व्ह) दाबली जाणं. त्यात पट्ट्याचं खरं काम रात्रीचं. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो आणि तिथल्या नसेवर दाब वाढतो. दिवसभर बांधून फिरण्यापेक्षा झोपताना बांधा.

मेडिकलमधून आणलेल्या स्प्लिंटच्या (म्हणजे याच पट्ट्याच्या) आत, तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते. ती काढून बघा. बऱ्याचदा मनगट मागे वळेल अशी वाकवलेली असते. या दुखण्यात मनगट सरळ हवं, म्हणून ती जवळपास सपाट करून घ्यायची (फिजिओकडून करून घेतलीत तर उत्तम). वेल्क्रो करकचून आवळू नका.

अंगठ्याच्या मुळाशी, बाळ उचलताना वगैरे कळ येत असेल तर ते प्रकरण वेगळं, डी क्वेर्वेन (अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, दुखावणं). तिथे अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो, साध्या पट्ट्याचा फारसा उपयोग नाही.

आणि हातावर पडल्यामुळे दुखत असेल तर पट्टा नंतर, आधी डॉक्टर. स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसतच नाही, 10-14 दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.