'संयुजा' आणि 'संयुजा इलेक्ट्रॉन' यांत फरक काय?

प्रश्न: मुलीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना अडले. क्लोरीनचे इलेक्ट्रॉन संरूपण (आतून बाहेर कवचांतली इलेक्ट्रॉनची वाटणी) 2, 8, 7 म्हणून संयुजा इलेक्ट्रॉन 7. पण क्लोरीनची संयुजा मात्र 1 दिली आहे. शब्द एकच, मग आकडे वेगळे का?

उत्तर: मुले इथे हमखास अडतात. 'युज्' म्हणजे जोडणे. योग, संयुक्त हे शब्दही त्याच संस्कृत धातूचे. संयुजा म्हणजे अणूची जोडले जाण्याची क्षमता. संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, ज्यांच्यामुळे ही जोडणी होते. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात 7 आहेत, अष्टकाला, म्हणजे बाहेरच्या कवचात 8 पूर्ण व्हायला, एकच कमी पडतो. तो सोडियमकडून (2, 8, 1) घेतला तर आयनिक बंध, हायड्रोजनबरोबर जोडी वाटून घेतली तर सहसंयुज बंध. दोन्हीकडे संयुजा 1.

मुळात संयुजेची कल्पना इलेक्ट्रॉनहून जुनी. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडने ती 1852 मध्ये मांडली. भौतिकशास्त्रज्ञ थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला 1897 मध्ये. तोवर संयुगांची सूत्रे पाहूनच संयुजा ठरवत. सामाईक जोडीने बंध होतो, हे रसायनशास्त्रज्ञ लुईसने सांगितले ते 1916 मध्ये. त्यामुळे 'संयुजा' हा मूळ शब्द आणि 'संयुजा इलेक्ट्रॉन' हा त्यावरून पडलेला, असे मुलांना आधी सांगावे.

सोडियम 1, मॅग्नेशियम 2, ॲल्युमिनियम 3, कार्बन 4: इथे दोन्ही आकडे जुळतात, म्हणून गोंधळ लक्षातच येत नाही. नायट्रोजनपाशी (2, 5) तो उघड होतो: इलेक्ट्रॉन 5, पण अमोनियात संयुजा 3.

प्रश्न: म्हणजे चारच्या पुढे 8 मधून वजा करायचे?

उत्तर: शाळेपुरते चालते, पण नियम म्हणून पाठ करून घेऊ नका. गंधक (2, 8, 6) हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन हायड्रोजन धरतो, तर सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सहा फ्लोरीन. बाहेरचे इलेक्ट्रॉन तेच सहा, संयुजा मात्र 2 आणि 6. लोहाचीही 2 आणि 3 अशी बदलती संयुजा आहे. म्हणून 'गंधकाची संयुजा' असे मोघम न म्हणता 'या संयुगात गंधकाची संयुजा' म्हणावे.

आणखी एक. बोलताना दोन्हींसाठी सरसकट 'व्हॅलन्सी' म्हणतात, मग 'क्लोरीनची व्हॅलन्सी सात' अशी वाक्ये तयार होतात. ती तिथल्या तिथे सुधारावीत.