दोन चाकी ट्रॉली घ्यावी की चार चाकी? पांधण (शेताची वाट) काळ्या मातीची, मध्ये नाला

मारेगावची सून

नमस्कार मंडळी. घरची ९ एकर, मक्त्याची ६. यंदा ८ एकर पऱ्हाटी (कापूस), बाकी सोयाबीन अन् त्यात तुरीच्या ओळी. नवरा चंद्रपूरला नोकरीवर, शनिवारी येतो अन् सोमवारी पहाटे जातो. म्हणून ट्रॅक्टर मीच चालवते. जुना घेतलेला आहे, ४२ एचपीचा. वखरणी, रोटाव्हेटर, पेरणी सगळं जमते. ट्रॉली मात्र आजवर मागून आणली. यंदा स्वतःची करायची ठरवली, तर घरात दोन पार्ट्या झाल्या.

भासरे (मोठे दीर) म्हणतात चार चाकी घे. माल दुप्पट बसते, सोडून ठेवली तरी आपल्या पायावर उभी राहते, अन् हंगाम संपला की गिट्टी-विटांचं भाडं मारता येते. मी म्हणते दोन चाकी. पण माझ्यापाशी कारण एकच आहे, रिव्हर्स. बाकीचं तुम्ही सांगा म्हणून हे लिहून राहिली.

दोन्ही ट्रॉल्यांनी मागच्या हंगामात मला रडवलं, ते सांगते.

दसऱ्याच्या आधी पाऊस येऊन गेला होता. शेजारच्यांची दोन चाकी आणली, सोयाबीनचे ४५ कट्टे भरले, ६० किलोचे. चिखलातून ट्रॅक्टर मस्त निघाला, एकदाही चाक फिरलं नाही. नाल्याचा चढ लागला अन् स्टेअरिंग एकदम हलकं झालं. फिरवते तर ट्रॅक्टर सरळच जाते. पुढची चाकं जमिनीपासून चार बोटं वर. मी क्लच दाबून ब्रेकवर उभी राहिली. मजुरांनी १५ कट्टे उतरवले तेव्हा कुठं वर निघालो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग डिसेंबरात कापूस न्यायला चार चाकी आणली. बाजूंना जाळ्या लावून, तुडवून २२ क्विंटल भरला. सोयाबीनपेक्षा वजन कमीच म्हणा, तरी त्याच पांधणीत, त्याच नाल्याजवळ, ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खणत बसली. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढून काढावं लागलं. अन् जिनिंगमध्ये रिव्हर्स! मागं पन्नास गाड्यांची लाइन, सगळे माणसं, अन् ट्रॉलीचं पुढचं चाक एकीकडं वळते, ढांचा दुसरीकडं. एक काका येऊन म्हणाले, "बाई, उतर, मी लावून देतो." मी उतरली नाही. पाऊण तास लागला.

तर प्रश्न असा. चिखलात जी चालली तिनं चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं, अन् जिनं उचललं नाही ती चिखलात फसली. असं का? अन् यातली कोणती घ्यावी?

कोयसावाला

ताई, मी वणीकडं कोयशाच्या ट्रेलरवर १४ वर्सं झाले. मले ट्रॉलीचं मालूम नाही, पण वजनाचं मालूम हाय. आमच्या ट्रेलरले पुढं चाकंच नसतात. पुढचं अर्धं आंग घोड्याच्या पाठीवर टेकते. (घोडा म्हंजे पुढचं इंजिनवालं.) त्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली लोखंडाची जाड थाळी असते, तिले फिफ्थ व्हील म्हन्तेत. ट्रेलरची पिन तिच्यात बसते अन् कुलूप लागते. त्यानं काय होते, माल भरला का घोड्याचे मागचे चाक जमिनीत दाबून बसतात. खदानीतल्या चिखलातून रिकामा घोडा निंगत नाही, पन भरलेला निंगते!

तुमची दोन चाकी तसीच समजा. तिचा भार ट्रॅक्टरवर येते म्हनून चाक फिरलं नाही. चार चाकी आपला भार आपल्याच चाकावर घेते, ट्रॅक्टरले नुसती ओढ देते. हलका ट्रॅक्टर अन् जड ओढ, मंग खड्डाच खनन ना बाप्पा. दोन चाकी घ्या.

सोनबर्डीचा पाटील

१५ एकराले स्वतःची ट्रॉली पायजे कायले? हंगामात दहा खेपा. भाड्यानं आना, व्याज वाचवा. ट्रॉली उन्हात उभी राहून सडते, टायर फुटून जाते. माही सडून राह्यली आहे, पाहायले या.

मारेगावची सून

पाटील भाऊ, भाड्याची ट्रॉली सगळ्यांना एकाच आठवड्यात पाहिजे असते. मागच्या वर्षी ११ दिवस कापूस घरात पडून होता, बाजेखाली, देवघरात, सगळीकडं. पोरं त्यावरच झोपायची. तुमची विकायची असेल तर फोटो टाका.

वर्कशॉप, हिंगणघाट

ताई, मी ट्रॉल्या बनवतो, दोन्ही प्रकारच्या, म्हणून मला कोणतीही खपली तरी चालते. कोयसावाले भाऊ अर्धं बरोबर सांगून गेले. उरलेलं अर्धं तुमच्या नाल्यात आहे.

दोन चाकीचा एक्सल आम्ही ढांच्याच्या मधोमध बसवत नाही, थोडा मागं सरकवतो. त्यामुळं काही भार पुढं हुकावर येतो. तुमच्या ४५ कट्ट्यांचे २७ क्विंटल, ट्रॉलीचे स्वतःचे १२ धरा. एकूण ३९. त्यातले साधारण ६ क्विंटल हुकावर आले असतील. आता पाहा, हुक आहे कुठं? ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याही मागं, दोन-अडीच फूट. म्हणजे मागची चाकं झाली तराजूचा काटा. मागं हुकावर ६ क्विंटल दाबले की पुढच्या चाकांवरचे दोन-अडीच क्विंटल उचलले जातात. वरून चढ, वरून ओढ. ४२ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात असते किती? सात-आठ क्विंटल. तो उठणारच.

आणखी एक विचारतो. ट्रॉली कुठं जोडली होती? खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या पट्टीला), की वर टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांडीच्या) ब्रॅकेटजवळ? कितीतरी लोकं उंची जुळत नाही म्हणून वर जोडतात. मागच्या एक्सलच्या उंचीवर ओढ गेली की ट्रॅक्टर मागं पलटतो, आणि तो पलटायला एक-दोन सेकंद पुरतात. चढावर फसलात तर क्लच झटक्यानं सोडू नका, हे तर लिहूनच ठेवा. तुम्ही दाबून ब्रेकवर उभ्या राहिल्या, ते बरोबर केलं.

चार चाकी चिखलात फसली त्याला उपाय आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्या, मागं वजन येतं. पण रिव्हर्सचं दुखणं जात नाही, कारण ती दोन ठिकाणी मोडते, एकदा हुकापाशी आणि एकदा पुढचा एक्सल ज्यावर वळतो त्या चक्क्यापाशी. दोन चाकी एकाच ठिकाणी मोडते. तुमच्या त्या काकांनाही पाऊण तासच लागला असता.

दारव्हा ते टेक्सस

गाव दारव्हा, सध्या मुक्काम टेक्सस. इथं राहून ट्रॉलीवर बोलणं म्हणजे आगाऊपणा, पण दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नानं माझंही डोकं खाल्लं होतं, फरक एवढाच की कापसाऐवजी मागं घर ओढायचं होतं. इथं लोक सुट्टीत पिकअपला चाकावरचं घर जोडून फिरतात. त्यात दोन जाती. ट्रॅव्हल ट्रेलर पिकअपच्या बंपरखाली, गाडीच्या पार मागं, एका गोळ्यावर अडकतो. फिफ्थ व्हील म्हणतात तो पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या डोक्यावर बसतो, कोयसावाल्या भाऊंच्या घोड्यासारखा.

म्हणून भाऊंची एक गोष्ट दुरुस्त करतो, राग मानू नका. ताईंची दोन चाकी फिफ्थ व्हीलसारखी नाही, ट्रॅव्हल ट्रेलरसारखी आहे. भार दोन्ही देतात, पण एक एक्सलच्या वर देतो आणि दुसरा एक्सलच्या मागं. वर दिलेला भार चाकं दाबतो. मागं दिलेला भार चाकं दाबतो आणि पुढचं टोक उचलतोही. इथं ट्रॅव्हल ट्रेलरवाले त्यासाठी स्प्रिंगच्या दांड्यांचा वेगळा हुक लावतात, तो थोडं वजन परत पुढच्या चाकांवर ढकलतो.

किती भार यावा याचा इथला ठोकताळा असा: ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के गोळ्यावर, फिफ्थ व्हीलच्या १५ ते २५ टक्के पिनवर. त्याहून कमी झाला, म्हणजे माल मागं भरला, तर ट्रेलर हायवेवर शेपटासारखा झुलायला लागतो आणि गाडीला घेऊन पडतो. मी हे एकदा दुसऱ्याच्या गाडीचं पाहिलं आणि त्या दिवसापासून सामान भरण्याचं काम बायकोला करू देत नाही, यावरून घरात बोलणं झालं ते वेगळं.

मी शेवटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. फिफ्थ व्हील रस्त्यावर जास्त शांत चालतो, पण त्याचा एवढा भार झेलायला पिकअप मोठा लागतो, हौदा अडतो, आणि गाडी किती वजन झेलेल याचा जो आकडा माझ्या पिकअपच्या दारावर चिकटवलेला आहे, त्यात ते वजन बसत नव्हतं.

एक गंमत. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाड्यांच्या काळातलं आहे. चार चाकी गाडीचा पुढचा एक्सल वळावा म्हणून त्यावर आडवं चक्र बसवायचे, ते पाचवं चाक. म्हणजे नावाचं पाचवं चाक भासऱ्यांच्या चार चाकीलाच आहे, पुढच्या चक्क्यात!

कोयसावाला

राग कायचा भाऊ. बरोबर हाय, आमची पिन एक्सलच्या वरतच बसते. तेच म्या कधी ध्यानात घेतलं नोतं.

रस्त्यावरचा माणूस

करंजी-वणी रोडनं रात्री येणंजाणं असते. कोणतीही घ्या, पण मागं लाल रिफ्लेक्टर लावा. कापसाच्या ट्रॉलीला जाळी इतकी लोंबते की मागचं काहीच दिसत नाही. रोडवर दोन्ही ब्रेकची कडी जोडून घ्या. शेतात एका बाजूचा ब्रेक दाबायची सवय असते, तोच रोडवर दाबला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरते. अन् उतारावर न्यूट्रल नको. ट्रॉलीला ब्रेक नसते, ती ढकलते.

मारेगावची सून

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं, अन् वर्कशॉपवाल्या भाऊंचं मामाजींना (सासऱ्यांना) वाचून दाखवलं. मामाजी ७८ वर्षांचे आहेत, ट्रॅक्टरवर कधी बसले नाहीत, सारी जिंदगी बंडी हाकली. ऐकून म्हणाले, "एवढंच होय? बंडी भरली का आमी जू उचलून पाहो. जू वर जाऊन राह्यलं तर बंडी उलाळ, पुढं दोन पोते घ्या. बैलाची मान दबून राह्यली तर मांगं दोन पोते घ्या." मग मला विचारलं, तुझे ४५ कट्टे कसे भरले होते? आठवलं. मजुरांनी पुढून भरायला सुरुवात केली अन् मागं दोन हात जागा रिकामी सोडली. सगळा भार बैलाच्या मानेवर.

हो, अन् ट्रॉली वरच जोडली होती. ते वाचून अंगावर काटा आला. आता खालच्या ड्रॉबारची पिन बदलून घेतली आहे.

परवा तूर घेऊन गेली. शेजारच्यांचीच दोन चाकी, २२ क्विंटल, माल एक्सलच्या वर धरून थोडा पुढं. वजनकाट्यावर गर्दी नव्हती, म्हणून तिथल्या पोराला म्हटलं तीन वजनं करून दे. त्यानं आधी येडी समजलं, मग त्यालाही मजा आली. ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून ५४१०. ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर, मी बसलेली, २०००. म्हणजे ट्रॉली ३४१०. मग पुन्हा जोडून ट्रॅक्टर काट्याच्या पुढं उतरवला, नुसती ट्रॉलीची चाकं वर ठेवली, तर २९३०. हुकावर ४८०. टेक्ससवाल्या दादांच्या हिशेबानं १४ टक्के. नाला सरळ चढला, स्टेअरिंग हातात होतं.

दोन चाकी ठरली. भासऱ्यांचं म्हणणं पूर्ण सोडलेलं नाही, भाड्याचा पैसा खरा आहे. पण गिट्टी-विटांसाठी ट्रॅक्टर घराबाहेर राहिला तर माझं डवरणीचं काम कोण करणार, हे त्यांना विचारलं तेव्हा ते पानाचा डबा शोधायला उठले. वर्कशॉपवाले भाऊ, तुम्हाला फोन करते. ढांचा १० बाय ६ पाहिजे, कापसाच्या जाळीसाठी बाजूला खाचा, अन् हुकापाशी उभी करायला मजबूत घोडी (टेकू), वीट-दगड लावून लावून कंटाळली. ट्रॅक्टरला पुढं वजनाच्या पाट्या किती लावायच्या तेही सांगा.

आज संध्याकाळी भासरे म्हणाले, इसार मी देतो, पण रंग माझ्या पसंतीचा. त्यांची पसंती पोपटी आहे. होऊ द्या पोपटी.