मदत हवी आहे: पणजीची मोडी वही आणि वडोदऱ्यातल्या आज्या

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. एम.ए.ला स्त्री-अभ्यास घेतलाय आणि प्रबंधाचा विषय आहे बडोदा संस्थानातल्या मराठी घरांमधलं मुलींचं शिक्षण. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा. महाराणी चिमणाबाई 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. हे सगळं ग्रंथालयात मिळतं. पण शाळेतून घरी आलेल्या मुलीच्या हातात पाटी राहायची की लाटणं, ते कुठे लिहिलेलं नाही. मला तेच हवंय.

आजीच्या ट्रंकेत तिच्या आईची हिशेबाची वही सापडली. तूप, वाती, कल्हई, आणि मध्येच बाळबोधीत ‘फी 4 आणे, ह्यांना सांगितले नाही’. ही ओळ वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. पुढची पानं मोडीत आहेत, मला एक अक्षर लागत नाही.

कुणी मोडी वाचून देईल का? फोटो पाठवते. आणि तुमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या आजी, आत्या, मावशी असतील तर त्यांच्याशी बोलायचंय. घरी येईन, त्यांच्या सवडीने. नाव छापायचं की नाही ते त्याच ठरवतील. कृपया लवकर कळवा, आज्या थकत चालल्यात.