उपरणी, टोप्या, बिल्ले: प्रचाराच्या सामानावर बंदी हवी का?

पेठकर
परवा कपाट आवरताना एकाच पिशवीत चार पक्षांची उपरणी निघाली. घरात कार्यकर्ता एकही नाही. एक गणपतीच्या मांडवात गळ्यात पडलं, एक सोसायटीच्या मीटिंगला, बाकी दोन कशी आली देव जाणे. त्यातल्या एकानं स्कूटर पुसायला घेतली तर पॉलिस्टर, पाणी टिपतच नाही. म्हणजे फडक्याच्याही लायकीचं नाही.

माझं मत सरळ आहे: हे सामान बंद करा. विधानसभेला आपल्याकडे उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. ते पैसे कापडात घालण्यापेक्षा वॉर्डात चार कोपरा सभा घ्या, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. उपरणं बघून मत बदललेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

रानवारा
बंदी घातली की फायदा कुणाचा, याचा विचार केलात का? ज्याची निशाणी शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्याचा.

२०२४ च्या विधानसभेचंच बघा. माघारीची मुदत ४ नोव्हेंबर, प्रचार १८ ला संध्याकाळी बंद, मतदान २० ला. अपक्षाच्या हातात चिन्ह पडतं ते माघारीनंतर. चौदा दिवसांत गावोगाव ‘आपली निशाणी कपबशी’ हे पोचवायचं कसं? खरी कपबशी वाटली तर ती लाच. मग बिल्ल्यावरच छापायची ना?

चिन्ह डोक्यात नीट बसलं नाही की काय होतं ते साताऱ्यानं २०२४ च्या लोकसभेला पाहिलंय. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ बत्तीस हजारांवर मतांनी पडला आणि नुसती ‘तुतारी’ घेतलेल्या अपक्षाला सदतीस हजार मतं गेली.

पेठकर
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की! त्या पक्षाच्या उपरण्यांवर आणि झेंड्यांवर तोच तुतारीवाला होता. तरी लोक चुकलेच.

रानवारा
चुकले कारण यंत्रावर दोन तुताऱ्या होत्या. त्यात उपरण्याचा काय दोष?

सुईदोरा
तुमची बंदी आली तर आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायकांचं काम जाईल, तेवढं लक्षात असू द्या. ठाण सुरतेहून येतं, काठ मारून घड्या आम्ही घालतो, माल लालबागच्या दुकानांत जातो. नगावर पैसे. रात्री दोनपर्यंत मशीन चालते, मतदान झालं की पुन्हा फॉल-पिको.

मात्र शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यापासून डोक्याला ताप झालाय. आधी ‘सेनेची ऑर्डर’ म्हटलं की विषय संपला. आता मशाल का धनुष्यबाण, हे दोनदा विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. एकदा चुकून गठ्ठे बदलले होते, दुकानदारानं आमचे पैसे कापले.

पेठकर
ताई, तुमच्या कामाला नाव ठेवत नाही. पण रोजगारासाठी एखादी उधळपट्टी चालू ठेवायची असेल तर मग फटाकेही रात्रभर वाजू द्या.

सुईदोरा
फटाक्यानं कान फुटतात. उपरण्यानं कुणाचं काय फुटलं?

निवृत्त कारकून
खर्च पथकात काम केलंय म्हणून सांगतो. निवडणूक आयोगाचा नियम असा: टोपी, मुखवटा, उपरणं चालेल, फक्त खर्चात दाखवा. साडी, शर्ट वाटायचे नाहीत, ती लाच ठरू शकते. प्रत्येक वस्तूचं जिल्ह्याचं दरपत्रक असतं. आम्ही सभेचं चित्रीकरण थांबवत-थांबवत टोप्या मोजायचो. एकदा एकानं मान वळवली म्हणून तो दोनदा मोजला गेला आणि त्यावर तासभर वाद. उमेदवाराचा माणूस म्हणे, आमची एक टोपी कमी करा!

पण ही सगळी मोजदाद उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतची. त्याआधी दारात येणारं उटण्याचं पाकीट, फोटोचं कॅलेंडर, वह्या, हळदीकुंकवाचं वाण हे उमेदवाराच्या हिशेबात धरलं जात नाही, कारण कागदोपत्री तेव्हा तो उमेदवारच नसतो. शिवाय उमेदवाराला मर्यादा असली तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. बंदीच घालायची तर आधी त्या वाणाकडे बघा. टोपी बिचारी उघड्यावर तरी असते.

पेठकर
अर्जाआधीचं मोजत नाहीत, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे गेल्या दिवाळीला तीन उटणी आली होती. बायकोनं तिन्ही एकत्र करून डब्यात भरली.

बूथवाला
सगळे मतदाराचं बोलताय म्हणून लिहितो. बारा वर्षं झेंडे लावलेत. उपरणं मतदारासाठी नसतंच हो, ते आमच्यासाठी असतं. गळ्यात पट्टा पडला की पोरगा दिवसभर उन्हात फिरतो, आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या मांडवात जेवायला जायला लाजतो. नुसता चहा पाजून माणूस टिकत नाही. आणि पट्टा कुणी घातला यापेक्षा कुणी खिशात ठेवला, हे आम्ही जास्त बघतो. वॉर्डातली खरी बातमी तिथं कळते.

रानवारा
म्हणजे चार उपरणी जपून ठेवणारे पेठकर तुमच्या वहीत कुठे बसतात?

बूथवाला
‘डळमळीत’मध्ये. पुढच्या वेळी त्यांच्याकडे दोनदा जाणार.

पेठकर
या, पण सुती आणा. स्कूटर तरी पुसता येईल.