संकटात परमेश्वराच्या नामाचा आश्रय घ्यायचा, म्हणजे नेमके काय करायचे?

नगरचा वाचक
सर्वांना सप्रेम सलाम. वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्यापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते आणि परमेश्वराचे नाम बळकट दुर्ग आहे, हे नीतिसूत्रे १८:१० मधील वचन हमखास वाचले जाते. शेजारच्या वारकरी काकांचे नामस्मरण मला समजते. आपल्याकडे मात्र नाव वारंवार उच्चारणे अपेक्षित आहे की आणखी काही, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. शिवाय एवढी प्रार्थना करूनही भीती जात नाही, तेव्हा आमचा विश्वासच कमी पडतो आहे का?

निवृत्त पाळक
आपल्या वडिलांची आठवण प्रार्थनेत ठेवीन. बायबलमध्ये देवाचे नाम म्हणजे त्याने स्वतःविषयी जे प्रकट केले ते सर्व. निर्गम ३४ मध्ये सीनाय पर्वतावर देव इस्राएल लोकांचा नेता मोशे याच्यासमोर आपल्या नामाची घोषणा करतो, तेव्हा आपण दयाळू, कृपाळू व मंदक्रोध आहोत, पापांची क्षमा करतो, पण अपराधाकडे डोळेझाकही करीत नाही, असे तो सांगतो. आणि ही घोषणा लोकांनी सोन्याचे वासरू करून करार मोडल्यानंतरची आहे, हे विसरू नये. पुढे गणना १४ मध्ये, देवाने देऊ केलेला देश पाहायला पाठवलेले हेर परत आल्यावर लोक बंड करतात आणि देव त्यांचा नाश करण्याची भाषा बोलतो, तेव्हा मोशे तेच शब्द देवापुढे ठेवतो की, तू स्वतःच असे सांगितले आहेस, म्हणून क्षमा कर. नामाचा आश्रय कसा घ्यावा, हे मला याहून स्पष्ट कोठे दिसत नाही. क्षमा मिळते, तरी त्या हेरांपैकी विश्वासू राहिलेले कालेब व यहोशवा यांच्याखेरीज त्या पिढीतील प्रौढांना वचनदत्त देशात प्रवेश मिळत नाही, हेही त्याच अध्यायात आहे.

संडे स्कूल शिक्षिका
पाळकसाहेबांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिस येथे स्किवाचे सात पुत्र येशूचे नाव घेऊन भुते काढू पाहतात आणि भूतग्रस्त माणूस त्यांना घायाळ करून उघडेनागडे पळवून लावतो. त्यांनी उच्चारलेले नाव बरोबरच होते, पण ज्याचे ते नाव, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. अमुक वेळा येशूचे नाव घ्या म्हणजे आजार जाईल, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. रुग्णाच्या घरी ते वाचूनही दाखवू नयेत.

वसईकर
ताईंचा इशारा मान्य आहे, तथापि नाव पुन्हा पुन्हा घेणे हाच दोष समजू नये. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही छोटी प्रार्थना शतकानुशतके जपली जाते. लूक १८ मधील जकातदार आणि यरीहोजवळचा आंधळा यांच्या हाका तिच्यात ऐकू येतात. आम्हा कॅथलिकांच्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, असते. रुग्णालयात रात्री लांब प्रार्थना सुचत नाही, तेव्हा एवढे एक वाक्य पुरते. आणि शेजारच्या काकांचे म्हणाल, तर मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही अभंगाची वाट सोडली नाही. त्यामुळे ते साम्य पाहून आपण संकोचण्याचे कारण नाही.

नगरचा वाचक
सर्वांचे आभार. भीतीचा प्रश्न मात्र राहिला.

निवृत्त पाळक
त्यासाठी स्तोत्र ४४ पूर्ण वाचावे. आरंभी तुझ्या नामाने आम्ही शत्रूंना तुडवू असे म्हणणारे लोक पुढे पराभवाचे वर्णन करतात, आम्ही तुझे नाम विसरलेलो नाही तरी आमचा वध होतो अशी तक्रार करतात आणि अखेर देवाला, जागा हो, का झोपलास, असे विचारतात. अविश्वासू माणूस अशी हाक मारीलच कशाला? प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळे करील असे विचारून, लगेच याच स्तोत्रातील वधाची ओळ उद्धृत केली आहे. आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत नीतिसूत्रांच्या जोडीला हे स्तोत्र घ्यावे, आणि वडिलांना त्रास होणार नसेल तर शेवटची चार वचने त्यांनाच वाचू द्यावीत.