टॉइबर पुरस्कार: क्रमांक न लावणाऱ्या संस्थेत गुणांचे बक्षीस कशाला?

चार्ल्सकाठ:
अमेरिकेतील एमआयटीच्या ब्रेन अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस (मेंदू आणि आकलनशास्त्र) विभागातर्फे पदवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासातील उत्कृष्टतेसाठी दिला जाणारा हान्स-लुकास टॉइबर पुरस्कार बंद करावा, कारण तो 'पाठांतराची आरती' आहे, असे 'तर्कट' यांनी काल लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. त्या विभागाच्या ९.४० या, चेतासंस्थेच्या गणिती अभ्यासाच्या विषयाचा एक तरी गृहपाठ ज्यांनी सोडवला आहे, त्यांना पाठांतराचा आरोप सुचणारच नाही. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून मांडलेली चेतासंकेताची समीकरणे एखादा पाठ करून आला, तरी चेतातंतूच्या आवरणातला सोडियमचा मार्ग किंचित उशिरा बंद झाला तर काय होईल, असे विचारताच त्याची घोकंपट्टी संपते. एमआयटीत डीन्स लिस्ट म्हणजे गुणवंतांची यादी नाही, पदवीवर 'कम लाउडे'चा म्हणजे विशेष प्रावीण्याचा शिक्का नाही, वर्गात क्रमांक लावत नाहीत आणि पहिल्या सत्रात तर उत्तीर्ण झाल्याचीच तेवढी नोंद होते. अशा ठिकाणी चार वर्षे मनापासून शिकलेल्याला विभागाने शाबासकी दिली, तर कोणाचे काय बिघडते?

तर्कट:
माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडल्याबद्दल आभारी आहे. जी संस्था क्रमांक लावत नाही, तिचाच एक विभाग तो मागच्या दाराने लावतो. त्यातून नाव दिले आहे मेंदूचे अभ्यासक टॉइबर यांचे! दोन क्षमता खरोखर वेगळ्या आहेत हे दाखवायचे असेल, तर पहिली शाबूत आणि दुसरी गेलेली असा एक रुग्ण पुरत नाही, त्याच्या उलट स्थितीतलाही दाखवावा लागतो, हा डबल डिसोसिएशनचा आग्रह त्यांनी १९५५ मध्ये धरला. त्याच कसोटीने पाहा. सगळीकडे ए मिळवून प्रयोगाची एक नोंद धड न ठेवणारे आणि बी मिळवूनही अवघड प्रयोग सहज उभा करणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी प्रत्येक प्रयोगशाळेने पाहिले आहेत. तेव्हा बक्षीस द्यायचेच असेल, तर ते संशोधनाला द्यावे.

लेकीची आई:
संशोधनाला द्या म्हणणे फार सोपे आहे. माझी मुलगी अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात न्यूरोसायन्स शिकली; नाव घेत नाही. तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत प्रवेश मिळे, पण बिनपगारी. ती संध्याकाळी भोजनगृहात काम करून खर्च भागवत असे, आणि तिच्या खोलीत राहणारी सुखवस्तू घरची मुलगी त्याच वेळी उंदरांच्या मेंदूचे काप रंगवत बसे. पुढे शोधनिबंधावर नाव कोणाचे आले, हे सांगायला नको. परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र दोघींना एकच होती.

चार्ल्सकाठ:
ताई, एमआयटीत असे होऊ नये म्हणूनच १९६९ पासून यूरॉप ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना चालू आहे. त्यात विद्यार्थी संशोधनासाठी पगार घेऊ शकतो किंवा श्रेयांक घेऊ शकतो.

लेकीची आई:
'किंवा' या शब्दातच सगळे आले. ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत तो श्रेयांक घेऊन काय करणार? आणि पगारी काम आवडत्याच प्रयोगशाळेत मिळेल, याची हमी कोण देते?

तर्कट:
आपल्या मुलीवर अन्याय झाला असेल, परंतु एका मुलीच्या अनुभवावरून धोरण ठरत नसते.

लेकीची आई:
'प्रत्येक प्रयोगशाळेने पाहिले आहेत' असे आपण वर लिहिले आहे. ती पाहणी कोणी, कधी केली, तेवढे कळवावे.

कोथरूडकर:
आपल्याकडे राज्य मंडळाने गुणवत्ता याद्या बंद केल्या, म्हणून स्पर्धा थांबली का? क्लासवाल्यांनी चौकाचौकात फलक लावून त्या स्वतःच चालू ठेवल्या. आणि प्रयोगशाळेचे म्हणाल, तर आमच्या महाविद्यालयात चांगला सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात असे, आणि आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नले उतरवून प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळवत असू. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या, पोटातून मालगाडी जाणाऱ्या त्या विभागाच्या इमारतीत कोणाला कोणते बक्षीस मिळते, यावर एवढी शाई खर्च करणाऱ्यांनी त्या कपाटाकडेही कधी पाहावे.

चार्ल्सकाठ:
कपाटासाठी वेगळा धागा काढावा. तेथे मी आपल्याच बाजूने लिहीन.

निवृत्त मास्तर:
'तर्कट' यांची उडी मला अधिक खटकते. डबल डिसोसिएशनने फार तर एवढे सिद्ध होईल की गुण मिळवणे आणि संशोधन करणे या वेगळ्या क्षमता आहेत. त्यांपैकी एकीचा गौरव करावा आणि दुसरीचा करू नये, हे त्यातून कसे निघते? दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांचा अभ्यास करताना, कोणती क्षमता गेली आणि कोणती उरली, हे टॉइबर यांनी बारकाईने तपासले. उरलेली क्षमता कमी मोलाची ठरवण्यासाठी ते तपासत नव्हते. वेगळ्या गोष्टींना वेगळी बक्षिसे असावीत, असाच निष्कर्ष आपल्या युक्तिवादातून निघतो, म्हणजे हा पुरस्कार राहिला पाहिजे.

तर्कट:
ठीक आहे, राहू द्या. मास्तरांपुढे कोणाचे चालले आहे? मात्र सोपे विषय निवडून पाचपैकी पाच सरासरी राखणारा पुढे, आणि समीकरणांच्या विषयात हात पोळून घेणारा मागे, असे होणार असेल तर तो गौरव कसला? सरासरी मोजणार की विषयांची निवडही पाहणार, हे विद्यार्थ्यांना आधी स्पष्ट सांगावे.

चार्ल्सकाठ:
आधी सांगितले की मुले त्या हिशेबानेच विषय घेणार. त्यापेक्षा ज्यांनी त्यांना शिकवले, त्या अध्यापकांनी एकत्र बसून ठरवावे.

तर्कट:
म्हणजे शेवटी अध्यापकांची मर्जी! प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते म्हणून गुणांची बाजू घेणाऱ्या ताईंना हे मान्य आहे का?

लेकीची आई:
मान्य नाही. मर्जी माझ्या मुलीच्या विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेतही होतीच. मला सरासरीच चालेल, तीही कठीण विषयांना जास्त वजन देऊन, आणि हा तोडगा आपल्याच तक्रारीतून निघाला म्हणून तो आपण नाकारू नये.